म्हशीचा पिक्चर मी अर्धाच बघितला होता

सदू, तू गेलास हे मला गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर कळलं, आणि मी विचारलं, "कुठल्या पिक्चरात?"

यात माझी चूक नाही. पंधरा वर्षं मी हेच ऐकत आलोय. शुक्रवारी नवा हिंदी पिक्चर लागला की शनिवारी संध्याकाळी कोण ना कोण गिऱ्हाईक धारेखाली पेला धरून सांगणारच, "दाजी, तुमचा मेव्हणा परत मेला की हो." कधी हिरोनं गच्चीवरून ढकलला, कधी ट्रकखाली घातला, एकदा तर म्हणे मध्यंतराच्या आधीच मगरीनं खाल्ला. मी म्हशीखालनं मान वर न करता म्हणायचो, "मरू दे. त्येचाच पगार घेतोय त्यो." कट्टा हसायचा. त्या दिवशी पोस्टातले साहेब म्हणाले, "दाजी, सदाभाऊ गेले," आणि मी नेहमीसारखं विचारलं. त्यांनी पेला दगडावर ठेवला. न पिता. फेससुद्धा बसला नव्हता. तेव्हा मला कळलं. पण धार मी पुरी काढली. अर्ध्यात सोडली तर म्हशीच्या कासेला गाठी होतात, हे तुला मीच शिकवलंय. तेव्हा त्याचा राग तुला यायचं कारण नाही.

तालमीची पोरं तुझ्यावर पुस्तक काढणार आहेत. माझ्याकडं कागद घेऊन आली. "दाजी, तुमचा सख्खा मेव्हणा. दोन शब्द लिवा. चांगलं लिवा." मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. चांगलं लिहायला बाकीचे आहेत. तू कारखान्यात टाइमकीपर असताना ज्यांनी तुझ्या नाटकाचं तिकीट फुकट दिलं तरी घेतलं नाही, ते आता ‘कोल्हापूरचा हिरा’ म्हणून पानं भरतील. मला जे लिहायचं आहे ते मी सोळा वर्षं दाबून ठेवलंय. तू मेलास म्हणून मी त्याला साखर लावणार नाही. आणि पोरांनो, यातला एक शब्द कापायचा नाही. कापलात तर तालमीला दूध बंद.

तू माझ्या गोठ्यात आलास तो दिवस आठव. पुण्याची कोण चष्मेवाली बाई पिक्चर काढत होती, तुला गवळ्याचं काम मिळालं होतं. चाळिशी आली तरी तोवर तुला कुणी कुत्रं विचारत नव्हतं. दारात उभा राहून म्हणालास, "दाजी, मुख्य काम हाय. मला शिकवा."

"शेण काढशील?"

"काढतो की."

"हात फुटत्यात."

"फुटू देत."

तुझी आक्का चुलीपुढनं ओरडली, "आवो, भाऊ हाय माझा, गडी न्हवं!" मी म्हणलं, गवळी व्हायचं म्हणतोय तर गडीच आधी व्हायला पायजे.

दोन महिने तू राबलास. पहिले आठ दिवस एकसुद्धा म्हैस तुला सरळ उभी राहिली नाही. तुझी बोटं नाटकातली, नुसती दिसायला. पण शिकलास. मला ताप आला तेव्हा आठ दिवस माझा शर्ट, माझा पटका घालून कट्ट्यावर तूच धार काढलीस, आणि गिऱ्हाइकं म्हणत होती, "दाजी, आज गप गप हायसा." कुणाला कळलं नाही. आक्का घरी येऊन हसून हसून बेजार. त्या आठ दिवसांचे उपकार माझ्यावर आहेत, ते मी मानतो. पण उठलो त्या दिवशी गोठ्याच्या दारातनं मी म्हशीला हाळी घातली तर ती बसून राहिली. तू माझ्याच आवाजात हाळी घातलीस आणि ती उठली. तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं की हा माणूस नुसतं शिकून जाणार नाही, घेऊन जाणार.

आता ती दुपार.

गोठ्यात बसलो होतो. तू विचारलंस, "दाजी, बाजारात हातावर टॉवेल टाकून सौदा करत्यात, ते कसं असतंय?" मी तुझ्या हातावर टॉवेल टाकला, आत माझा हात घातला, बोटं दाबून दाखवली. किती बोटं धरली म्हणजे काय, कुठलं बोट सोडलं म्हणजे काय. वरनं बघणाऱ्याला काही दिसत नाही. दोघांचं दोघांनाच. शिकवता शिकवता तू म्हणालास, "तुमचा हात थरथरतोय की."

आणि मी बोललो. का बोललो, देवाला ठाऊक. अंधारातल्या बोटांमुळं असेल. मी तुला हरणीचं सांगितलं.

वाचणाऱ्यांना सांगतो. हरणी आमची म्हैस. रेडकू असताना तिची आई मेली, तर माझ्या बायकोनं बोटं चोखायला देऊन, बाटलीनं पाजून तिला वाढवली. म्हातारी झाली, आटली, एका डोळ्यानं दिसेना. बायको इचलकरंजीला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. मी हरणीला मुरगूडच्या बाजारात नेलं. टॉवेलाखाली दलालानं माझा हात धरला आणि मोठ्यानं म्हणाला, "गवळी, तळहाताला घाम फुटला की तुझ्या!" सगळे हसले. ती कुठं जाणार हे त्यालाही माहीत, मलाही माहीत. सौदा झाला. बायको परत आल्यावर मी सांगितलं, साप चावला, रानातच मेली, नदीकडंच्या करंजाखाली पुरली. तिनं दोन दिवस पाणी घेतलं नाही. तेव्हापासून दर दिवाळीच्या पाडव्याला सगळं कोल्हापूर म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसं लावून मिरवणुकीला नेतं, तशा मीही न्यायचो, आणि ती आधी त्या करंजाखाली जाऊन पणती ठेवून यायची. खाली काय होतं? माती. मी बरोबर जायचो. हात जोडायचो.

हे मी मेव्हण्याला सांगितलं, सदू. नटाला नव्हे.

पहिला शो तू गल्लीला फुकट दाखवलास. आक्का नवं लुगडं नेसून तुझ्या शेजारी. मी कडेला बसलो होतो, पाय अवघडतो म्हणून. सुरवातीला मजा वाटली. तू पडद्यावर आलास तर गल्लीनं शिट्ट्या मारल्या, "आवो, हे तर दाजी!" माझा शर्ट, माझा पटका, माझं खोकणं, बसताना गुडघ्यावर हात मारायची माझी खोड. मीही हसलो. आणि मग बाजार आला. दलालानं तुझ्या हातावर टॉवेल टाकला. पडदाभर नुसता टॉवेल. बाकी काही नाही. टॉवेल थरथरत होता. आणि दलाल म्हणाला, "गवळी, घाम फुटला की!"

मी आक्काकडं बघितलं. अंधारात तिचं तोंड दिसलं नाही. मी उठलो आणि बाहेर आलो. थेटराच्या दारात शिवा पानपट्टीवाला उभा होता, तो म्हणाला, "दाजी, संपला एवढ्यात?" मी म्हणलं, "संपला."

हीच ती गोष्ट जी मी तुला कधी सांगितली नाही. पुढचा पिक्चर मी बघितलाच नव्हता.

त्या वर्षी पाडव्याला आक्कानं पणती घेतली नाही. म्हशीला कुंकू लावलं, माझ्या हातात कासरा दिला आणि घरात गेली. मग मी समजलो. एक शब्द बोलली नाही. अकरा वर्षं नाही बोलली. भाकरी द्यायची, आंघोळीला पाणी काढायची, आणि गोठ्याची पायरी चढायची नाही. मी त्या गप बसण्याखाली अकरा वर्षं काढली आणि रोज तुला शिव्या दिल्या.

तू तिकडं मोठा झालास. परदेशात बक्षीस घेताना कोट घालून म्हणालास, हे काम मी माझ्या दाजींकडून चोरलं. टाळ्या. चोर स्वतः उभा राहून सांगतोय आणि लोक टाळ्या वाजवतात, असला तुमचा धंदा. मग हिंदीवाल्यांनी बोलावलं. मला वाटलं आता तिथंही गवळी होशील, पण त्यांनी तुला गुंड केला, हवालदार केला, पुढाऱ्यामागं उभा राहणारा केला, आणि दर खेपेला मारला. ज्या हातांनी तू माझ्या म्हशी फसवल्यास त्या हातांत त्यांनी नकली पिस्तूल दिलं. वर्षाकाठी एखादा पिक्चर तसल्या चष्मेवाल्या माणसांचा करायचास, जो आमच्याकडं कधी लागायचाच नाही. एकदा मी टोचलं तर म्हणालास, "दाजी, मरायच्या पिक्चरवर माझं घर चालतंय आनि असल्या पिक्चरवर मी चालतोय." मी म्हणलं, "मग चाल की लांब. हितं कशाला येतोस?" भरल्या ताटावर म्हणलं. आक्कानं माझ्याकडं बघितलं नाही, तुझ्या ताटात रस्सा वाढला. तू खाली मान घालून जेवलास.

तू दर खेपेला विचारायचास. बाहेर ओसरीवर गाठायचास, आवाज खाली करायचास.

"दाजी, तुमी पुरा बघितलासा न्हवं त्यो?"

"बघितला."

"शेवटपातुर?"

"शेवटपातुर म्हंजे? निम्मा पिक्चर कोण बघतंय व्हय?"

"मग राग कशाचा हाय अजून?"

"माझा शर्ट का घातलास?"

"आक्कानं दिला. आनि त्यो गवळी म्हंजे तुमी न्हवं, दाजी. पात्र हाय ते."

"मग पात्राला खोकला माझा कशापायी?"

तू बघत राहायचास माझ्याकडं. काहीतरी सांगायचं असल्यागत. मला वाटायचं, गिळतोय लाज. मी म्हणायचो, "जा, मुंबईची गाडी चुकंल." कितीदा झालं हे? दहादा? दर खेपेला मी खोटं बोललो, आणि अर्ध्यावर पळालो हे सांगायची मला लाज वाटत होती. एवढंच. त्या दलालाच्या बाजारातनं मी म्हैस देऊन बाहेर पडलो होतो, ताठ मानेनं. तुझ्या खोट्या बाजारातनं पळून आलो. ते तुझ्यापुढं कबूल करायचं?

आक्का गेली तेव्हा तू विमानानं आलास. पंचगंगेच्या घाटावर तू रडलास. लई वाईट रडलास रे. नाकातनं पाणी, तोंड वाकडं, आवाज रेडकासारखा. पडद्यावर तू कितीतरी देखणा रडायचास. तेव्हा हे खरं आहे हे मला कळत होतं, आणि कळत असताना मी चार माणसांत म्हणालो, "कॅमेरा न्हाय हितं. पूस डोळं." तू खरंच पुसलेस. लोकांना वाटलं, म्हातारा दुःखानं बोलला. तू आणि मी दोघंही जाणत होतो कशानं बोलला.

आणि शेवटचा फोन. मुंबईच्या दवाखान्यातनं. आवाज इतका बारीक झाला होता की मी आधी ओळखला नाही.

"दाजी, एकदा या. एक इचारायचं हाय. फोनवर न्हाय इचारता येत."

"म्हैस व्यायला झालीया. सोडून कसा येऊ?"

तू हसलास. "कंची?"

गोठ्यात एकही म्हैस गाभण नव्हती. मी म्हणलं, "हरणी."

तिकडनं नळीचा की कशाचा आवाज तेवढा येत होता. मग तू म्हणालास, "बरं. व्यायली की सांगा," आणि फोन ठेवलास. मला त्या दिवशी बरं वाटलं, सदू. जिंकल्यागत. जेवलो पोटभर. पुढच्या महिन्यात पोस्टातल्या साहेबांनी पेला दगडावर ठेवला.

तुझं तेरावं मुंबईत झालं. त्याच दिवशी तालमीच्या पोरांनी हॉलमध्ये चादर लावून म्हशीचा पिक्चर दाखवायचा ठरवला. श्रद्धांजली. मला पहिल्या खुर्चीवर बसवलं, तुझ्या फोटोला हार माझ्याच हातानं घालून घेतला. हार घालून मी निघणार होतो. तेवढ्यात मागनं शिवा पानपट्टीवाला म्हणाला. आता त्याचेही दात पडलेत.

"मागल्या खेपेसारखं उठून जातायसा काय, दाजी?"

"मागल्या खेपेला कुठं?"

"थेटरात हो. निम्म्यात आलासा की भाईर. सदूला मी कदी बोललो न्हाय. माणसाचं मन मोडतंय."

म्हणून बसलो. तुझ्यासाठी नव्हे. त्या शिवासाठी बसलो, की बघ लेका, कोण उठतंय.

बाजार आला. टॉवेल आला. मी खुर्चीचा दांडा धरून बसलो. तो गेला आणि पिक्चर चालूच राहिला. मला वाटलं होतं, एवढंच असणार, माझी अब्रू घेतली की संपला. पण पाडवा आला. पडद्यावरची बायको पणती घेऊन झाडाखाली गेली. करंजच होता, सदू. तिनं वाकून पणती ठेवली. माझा शर्ट घालून तू मागं उभा. आणि तू म्हणालास, माझ्या आवाजात म्हणालास, "हितं कोण न्हाय. मी इकली तिला."

बास. एवढंच बोललास. ती बाई किती वेळ तशीच वाकून राहिली. मग उठली, तुझ्याजवळ आली, तुझा हात आपल्या पदराखाली घेतला. पडदाभर नुसता पदर. आत तिनं तुझी बोटं दाबली. किती दाबली, काय सांगितलं, बघणाऱ्याला कळलं नाही. दोघांचं दोघांनाच. आणि दोघं घरला निघाली. संपला पिक्चर. दिवे लागले. हॉलमधल्या बायका पदरानं नाक पुसत होत्या. शिवा म्हणाला, "बसलासा की, दाजी." मला उठताच येईना.

कारण मला त्या दिवशीची, पहिल्या शोच्या दिवशीची संध्याकाळ आठवली. मी गोठ्याच्या पायरीवर बसलो होतो. आक्का थेटरातनं आली, नवं लुगडं तसंच, आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली. कधी बसायची नाही ती शेजारी, लग्नाला तीस वर्षं झाली तरी. बसली, आणि माझा हात तिनं पदराखाली घेतला. बोटं दाबली.

मला वाटलं, टिंगल करतीय. बाजार दाखवतीय मला, माझाच बाजार. मी हात असा हिसडला की तिची बांगडी फुटली, मनगटात घुसली. मी म्हणलं, "बाजार मांडतीस व्हय माझा?" तिनं पायरीवरचे काचेचे तुकडे वेचले, रक्त पदरानं दाबलं आणि आत गेली. त्यानंतर त्या पायरीवर ती चढली नाही.

तिला काय वाटलं असेल, हे मी गेले चार दिवस बघतोय. तिला वाटलं असणार, मीच तुला तसं म्हणायला सांगितलं. माझ्या तोंडातनं निघत नव्हतं म्हणून मी भावाच्या तोंडून निरोप पाठवला. शर्ट माझा, आवाज माझा, म्हणजे शब्दही माझेच. ती उत्तर घेऊन आली होती, सदू. पदराखाली आणलं होतं. आणि तुला, तू मरेस्तोवर, असं वाटत राहिलं की दाजीनं सगळं बघितलं, शेवटपर्यंत बघितलं, आणि तरी तो दगडच राहिला. तेच विचारायचं होतं ना तुला दवाखान्यातनं? मी तुला हरणी सांगितली.

आता तुझं मला एवढंच ऐकायचं आहे, ते ऐक. तू चूक केलीस. गोठ्यात सांगितलेलं गावात सांगितलंस ही चूकच, आणि ती मी माफ केलेली नाही. तू वाकून मागितली असतीस तरी केली नसती. पण मी पुरा बघितला नव्हता. दहादा विचारलंस, दहादा खोटं बोललो. हे छापायला दिलंय, आता पेठ वाचंल, शिवा मोठ्यानं वाचून दाखवंल पानपट्टीवर. वाचू दे.

आणि आक्का तिथं भेटली तर तिला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. कळलं? तुझी जीभ लांब आहे, म्हणून बजावतोय. माझ्या वतीनं एकदा बोललास, तेवढं बास झालं. मला आता फार दिवस लागायचे नाहीत. मी येतो आणि माझं मी सांगतो. तोवर तू गप बस.